धबधबा बारमाही, पाणी आठमाही

मुंबईपासून चार तासांवर राजवाडा आहे, ३०० फुटांचा धबधबा आहे, मोहाचे लाडू आहेत आणि वारली चित्रांच्या खऱ्याखुऱ्या भिंती आहेत. पाठीवर सॅक टाका आणि जव्हार-मोखाड्याला जा. एकदा सप्टेंबरमध्ये आणि हिंमत असेल तर एकदा मे महिन्यात!

सगळी चूक त्या फोटोची. २०२४ च्या मे महिन्यातली एक घामट रात्र. माझ्या रूममेटने सोफ्यावर पडल्या पडल्या मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. ‘हे बघ! दाभोसा. जव्हारच्या जवळ. बारमाही धबधबा आहे, असं लिहिलंय.’ फोटोत काळ्या कड्यावरून दुधासारखं पाणी कोसळत होतं. ती अॅड एजन्सीत आहे, मी फ्रीलान्सर. म्हणजे तिला सुट्टी नसते आणि मला पैसे नसतात. दोघींना परवडणारा एकच पर्याय उरतो, तो म्हणजे कसारा लोकल आणि पुढे मिळेल ती गाडी. शनिवारी पहाटे सॅकमध्ये दोन टी-शर्ट, सनस्क्रीन, टॉवेल आणि (हसू नका) स्विमिंग कॉश्च्युम भरून आम्ही निघालो.

तो फोटो ऑगस्टमधला होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

कसारा लोकल, जीप आणि पंक्चर

जव्हारला जायचे रस्ते तीन. त्यातला आमच्यासारख्या सेंट्रल लाइनवाल्यांचा रस्ता कसाऱ्यावरून. स्टेशनबाहेर खोडाळ्याच्या जीप उभ्या असतात. दहा माणसांच्या जागेत सोळा माणसं, दोन कोंबड्या, एक पत्र्याची ट्रंक आणि आमच्या दोन सॅक. रस्ता विहीगावावरून जातो. इथल्या धबधब्याला सगळे ‘अशोका’ म्हणतात, कारण २००१ च्या शाहरुख-करिनाच्या ‘अशोका’चं शूटिंग तिथे झालं. करिना जिथे नाचली होती तिथे मे महिन्यात नुसते खडक तापत पडलेले असतात.

पुढे वैतरणा नदीवरचा पूल येतो. उंचच उंच खांबांवरचा. खाली निळंशार पाणी दूरवर पसरलेलं. जीपमधल्या सगळ्या मुंबईकरांनी (म्हणजे आम्ही दोघींनीच) ‘वॉव’ म्हटलं. शेजारच्या आजोबांनी शांतपणे सांगितलं, ‘तुमचंच पाणी हाये ते.’

खरंच आमचंच होतं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे. उंची १०२ मीटर, म्हणजे तिसेक मजल्यांचा टॉवर. २०१४ मध्ये ते मुंबईसाठी सुरू झालं आणि शहराला रोज ४५.५ कोटी लीटर पाणी द्यायला लागलं. मुंबईची रोजची एकूण गरज भागवायला सात तलाव राबतात. त्यातला हा सगळ्यात नवा. वैतरणेचं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि तिथून तुमच्या-माझ्या नळाला. मी राहते भांडुपला. केंद्राची भिंत रोज रिक्षातून बघते. तिच्यामागे काय आहे, हे तोवर माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पूल ओलांडून थोडं पुढे गेलो आणि टायर बसला. स्टेपनीतही हवा कमी. ड्रायव्हर म्हणाला, ‘तास-दीड तास लागंल, बसा सावलीत.’ रस्त्यापासून दोन मिनिटांवर एक पाडा होता. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेली ओटी. एका मावशींनी हाक मारली, ‘याऽऽ गं बाय, उनात काय उभ्या?’

एका कळशीची गोष्ट

आता मी जे सांगणार आहे ते लिहायला मला लाज वाटते. पण ते सोडलं तर या लेखात फक्त हॉटेलांचे दर उरतील.

मावशींनी तांब्याभर पाणी दिलं. आम्ही घटाघटा प्यायलो. मग मी विचारलं, ‘मावशी, तोंड धुवायला पाणी मिळेल?’ त्यांनी कोपऱ्यातली कळशी पुढे केली. एक शब्दही बोलल्या नाहीत. मी ओटीच्या कडेला उकिडवी बसले आणि मस्त तोंड धुतलं. मान धुतली. हात कोपरापर्यंत धुतले. सँडल काढून पायही धुतले, कारण जीपमधल्या धुळीने ते लाल झाले होते. रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला. कळशी रिकामी करून ‘थँक्यू मावशी!’ म्हणून परत दिली.

मावशींनी ती उचलली, आत जाऊन एक हंडा घेतला, नातीला हाक मारली. नात आठ-नऊ वर्षांची. दोघी निघाल्या. मी विचारलं, ‘कुठे?’ ‘पान्याला.’ मी म्हटलं, चला, मीही येते. फोटो मिळतील, हा हिशेबही मनात होता. खोटं कशाला बोलू?

अर्धा तास उतार. पायवाट नव्हे, घसरण. विहीर वाटेतच होती, तळाला फक्त चिखल. खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून एक खड्डा केलेला, त्याला झिरा म्हणतात. भोवती सात-आठ बायका रांगेत. झिऱ्यात पाणी झिरपतं, ते वाटीने भरायचं, कपड्यातून गाळायचं आणि हंड्यात ओतायचं. खड्डा रिकामा झाला की थांबायचं. पुन्हा पाणी जमलं की पुन्हा वाटी. आमचा नंबर यायला पाऊण तास लागला. मग तो चढ. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. नातीच्याही डोक्यावर एक छोटा हंडा. मी रिकाम्या हातांनी चढत होते आणि दर दहा पावलांनी थांबत होते.

वर आल्यावर मावशी म्हणाल्या, ‘दिसाला तीन खेपा होत्यात.’ मी मनात हिशेब केला. मी तोंडावर मारलेलं पाणी म्हणजे त्यांच्या एका खेपेतला निम्मा भाग होता. आणि पाड्याच्या टोकावरून, झाडांच्या फटीतून, खाली धरणाचं ते निळं पाणी चमकत होतं.

मोबाइल खिशातच राहिला.

‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे वाक्य आपण इतक्या वेळा हेडलाइनमध्ये वाचतो की ते गुळगुळीत झालंय. तिथे उभं राहिल्यावर कळतं की त्यात एकही शब्द अलंकारिक नाही. या तालुक्यांत पाऊस कमी पडतो असंही नाही. इथे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पण जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पडलेलं पाणी मुरत नाही, धावत सुटतं. ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात. धरणाच्या भिंतीजवळ पाणी अडतं ते दरीच्या तळाशी. पाडे राहतात वर डोंगरावर. तळातलं पाणी उतारावरून पाइपात घालून शंभरेक किलोमीटर लांबच्या शहरात नेता येतं. वरच्या पाड्यावर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, पाइप हवा आणि ते सगळं कुणीतरी चालू ठेवायला हवं. म्हणून दर उन्हाळ्यात इथे टँकर येतात. आला तर बरं, नाही तर झिरा.

राजाचं गाव

रात्री जव्हारला पोहोचलो तेव्हा वाऱ्यावर चक्क गारवा होता. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. जुने लोक त्याला ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणायचे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि पत्ता बदलला. गारवा तोच राहिला.

जव्हार हे संस्थान होतं. महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचं. आदिवासी राजघराणं म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात आपण जवळपास वाचतच नाही ते प्रकरण! संस्थापक जयबा मुकणे. त्याने एका बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन मागितली, मिळाल्यावर कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी अख्खा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. (आपल्या बिल्डरांनी ही गोष्ट वाचलेली दिसते.) १३४३ मध्ये त्याचा मुलगा नेमशाह याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. संस्थान टिकलं थेट १९४८ पर्यंत. सहाशे वर्षं, नऊ तोफांच्या सलामीचा मान.

गावाजवळच्या टेकडीवर जय विलास राजवाडा आहे. गुलाबी छटेचा दगड, घुमट, खांब, भोवती काजूची झाडं आणि दाट जंगल. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातली ही वास्तू. यशवंतराव संस्थान विलीन झाल्यानंतर १९६२ मध्ये भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले. राजवाडा ही आजही खासगी मालमत्ता आहे. तेव्हा भिंतीवर ‘बबलू लव्हज पिंकी’ लिहायची हुक्की आवरा.

शिरपामाळाला जरूर जा. शिवाजी महाराज १६६४ च्या सुरत मोहिमेवर जाताना इथे थांबले, तेव्हाचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचं स्वागत केलं आणि महाराजांनी त्यांना शिरपेच दिला, त्यावरून नाव शिरपामाळ, असं गावात सांगतात. मग हनुमान पॉइंट, जिथून दरी थेट पायाखाली येते. आणि संध्याकाळी सनसेट पॉइंट. गावापासून चालत दहा मिनिटं. हवा स्वच्छ असेल तर सूर्य बुडताना लांबवर डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळका दिसतो. आमच्या शेजारी कॉलेजची पाच-सहा पोरं वडापाव खात बसली होती. त्यांना विचारलं, ‘जव्हारमध्ये बघण्यासारखं काय?’ एक म्हणाला, ‘तुम्ही मुंबईचे ना? मग सगळंच.’ दुसरा म्हणाला, ‘आम्हाला मुंबईच बघायचीय.’

धबधबा भेटला, पण...

दाभोसा जव्हारपासून साधारण वीस किलोमीटर, सिल्व्हासाच्या रस्त्याला. लेंडी नदी इथे सुमारे ३०० फुटांवरून उडी मारते. रविवारी दुपारी बारा वाजता आम्ही कड्यावर उभ्या राहिलो आणि शोधायला लागलो. समोर काळाकभिन्न कातळ, त्यावर पाण्याच्या जुन्या खुणा आणि मधोमध दोऱ्यासारखी एक धार. खाली हिरवट डोह.

रूममेट म्हणाली, ‘टेक्निकली बारमाही आहे.’

कॉश्च्युम सॅकमधून बाहेर आलाच नाही. आम्ही कड्यावरच्या झाडाखाली बसून करवंदं खाल्ली. जव्हारच्या बाजारात एका आजींकडून पळसाच्या पानाच्या द्रोणात घेतलेली, काळी, गोड, ओठांना चिकटणारी. त्याच आजींकडे मोहाचे लाडूही होते. मोहाची वाळवलेली फुलं भाजायची, तीळ आणि गूळ घालून कुटायची आणि वळायची. मोह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त दारू येते. पण फुलं झाडावरून पडतात तेव्हा ती मनुकांसारखी गोड असतात आणि वाळवून ठेवली की वर्षभर घरात टिकतात. लाडूला आधी भाजक्या खमंगपणाची चव लागते, मग मागाहून मधासारखी काहीतरी. आम्ही सहा घेतले, कल्याण येईपर्यंत एक उरला.

परत आलो आणि तीन आठवड्यांत सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली. ५ जून २०२४ पासून मुंबईत दहा टक्के पाणीकपात. लिफ्टमध्ये सगळे वैतागलेले. सकाळी नळ दहा मिनिटं आधी जायचा. मीही वैतागले असते. पण बादली भरताना माझा हात आपोआप नळ बारीक करायचा.

पुन्हा, सप्टेंबर

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, गणपती आटोपल्यावर, आम्ही पुन्हा कसारा लोकल पकडली. या वेळी कॉश्च्युम नेला नाही. नानखटाईचे दोन डबे नेले.

काय सांगू! जिथे मे महिन्यात खडक तापत होते तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांनी पाणी. विहीगावचा धबधबा गर्जत होता. डोंगराच्या उतारांवर नाचणी आणि वरई, खाली खाचरांत भात, मधूनच खुरासणीची पिवळीधमक फुलं. ढग इतके खाली की पूल अर्धा दिसत होता, अर्धा नाही.

पाडा शोधायला वेळ लागला, कारण तो ओळखूच येईना. मावशींनी मात्र आम्हाला ओळखलं. मी काही बोलायच्या आत त्या हसल्या. घराच्या मागे पन्हाळीखाली बादल्या, हंडे, पातेली सगळं भरून वाहत होतं. त्यांनी तिकडे बोट दाखवलं.

‘आता धू तोंड. किती बी धू.’

मला रडू आलं की हसू, ते माझं मलाच कळलं नाही. तोंड मात्र धुतलं. कडाक्याचं गार पाणी होतं.

गोडाचं पान

त्या दिवशी त्यांच्याकडे सावेल्या होत्या. हा शब्द लक्षात ठेवा, कुठल्याही मुंबईच्या मेन्यूकार्डावर मिळणार नाही. परसात तवसं लगडलेली असतात, म्हणजे आपल्या काकडीच्या चौपट, जाडजूड, पिवळट काकड्या. त्या किसायच्या, त्यात तांदळाचं पीठ आणि गूळ घालायचा, रानातल्या मोठ्या पानात थापून दुमडायचं आणि वाफवायचं. बास. पान सोडवलं की आत काकडीच्या वासाची, गुळाच्या रंगाची मऊ वडी. दिसायला पानगीची बहीण. चवीला? पावसाळा गोड असता तर असा लागला असता! सावेल्यांचा खरा मान दिवाळीच्या सुमाराला, उकडलेल्या चवळीच्या शेंगा आणि कोनफळांबरोबर. आम्हाला पहिल्या तवसांच्या मिळाल्या.

जेवायला नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. वरून हिरवी मिरची. मावशींचा मुलगा आणि सून घरी होते. मे महिन्यात ते नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. मी विचारलं. मुलगा म्हणाला, ‘तवा आम्ही जगायला गेलेलो.’

जगायला जाणं. इकडे स्थलांतराला हाच शब्द आहे. भात घरात आला, दिवाळी झाली की पाडे रिकामे व्हायला लागतात. लोक भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मधे होळीला येतात, परत जातात आणि पावसाच्या तोंडावर कायमचे घरी येतात. ज्यांच्या घरी कुणी म्हातारं माणूस आहे त्यांची मुलं मागे राहतात, बाकीची भट्टीवरच. मला वाटलं होतं जगायला माणूस घरी येतो.

आपल्या आई-बाबांच्या पिढीला जव्हार हे नाव वेगळ्याच कारणाने आठवतं. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने लहान मुलं दगावली आणि तेव्हा सगळी वर्तमानपत्रं, सगळे मंत्री इथे धावले होते. तेव्हापासून बरंच झालं. रस्ते झाले, मोबाइलला (कधी कधी) रेंज आली. जव्हार-मोखाड्याच्या मोगऱ्याच्या कळ्या आज दादरच्या फूलबाजारात पोहोचतात. पण पोट आणि पाणी हे दोन प्रश्न अजून त्याच डोंगरावर बसून आहेत आणि ते एकमेकांना धरून आहेत. शेताला पाणी पावसाचंच, म्हणून पीक एकच. पीक एकच, म्हणून दिवाळीनंतर भट्टी. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं तो मोगरा लावतो आणि घरी राहतो. इतकं साधं आहे ते.

तारपा, मुखवटे आणि तिसरी फेरी

निघताना मावशींच्या शेजारच्या घरात एक भिंत बघितली. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेलं वारली चित्र, लग्नाच्या वेळचं, थोडं पुसट झालेलं. मध्ये चौक, भोवती नाचणारी माणसं. आपल्याकडे ही माणसं मग, कुशन कव्हर आणि कॉर्पोरेट कॅलेंडरवर नाचतात. डहाणूच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. चित्रातल्या नाचाच्या मधोमध एक माणूस लांबलचक वाद्य फुंकत असतो, तो तारपा. वाळवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं हे वाद्य. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांनी ते आयुष्यभर वाजवलं आणि २०२६ च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. मी उत्साहाने विचारलं, ‘आज ऐकायला मिळेल?’ मावशींच्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जूनमध्ये दिवाळीचा फराळ मागितला. भात तयार झाल्याशिवाय तारपा वाजत नाही.

आणि होळीनंतर गावोगाव ‘बोहाडा’ असतो. देव, राक्षस, प्राणी यांचे कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे घालून, मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर रात्रभर नाच. म्हणजे तिसरी आणि चौथी फेरी ठरलीच.

दुसऱ्या दिवशी दाभोशाला गेलो. गाडीतून उतरायच्या आधीच आवाज ऐकू आला. तो फोटो आता खरा होता. कड्यावर उभं राहिलं की अंगावर तुषार येतात आणि बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. रूममेट खूप वेळ काही बोललीच नाही. मग माझ्या कानाशी येऊन ओरडली, ‘हे सगळं चाललंय कुठे?’

दाभोशाचं पाणी जातं गुजरातच्या दिशेने, वैतरणेत नाही. पण प्रश्न बरोबर होता. चार महिने या डोंगरांवरून एवढं पाणी धावत जातं आणि आठव्या महिन्यात त्याच डोंगरावर एक बाई वाटीने पाणी भरते. धबधबा बघताना मला पहिल्यांदाच असं वाटलं की हे नुसतं सुंदर नाही, हे हातून निसटणारंही आहे. छोटे बंधारे, शेततळी, डोंगरउतारावरचे चर, सौर पंपाने वर चढवलेलं पाणी, हे उपाय कुणाला नवे नाहीत. काही पाड्यांवर झालेत, तिथल्या बायकांच्या खेपा थांबल्यात. उरलेल्या पाड्यांवर ते व्हावेत म्हणून बोलायला ज्यांच्या आवाजाला वजन आहे ते पाणी पिणारे लोक शहरात राहतात. म्हणजे आपण.

घरी आल्यावर मी सगळ्यात आधी बाथरूममध्ये गेले. चेहऱ्यावर लाल धूळ होती. नळ सोडला, ओंजळ भरली, बंद केला. तोंड धुऊन झालं. एवढंच पाणी पुरतं, हे मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

वीकेण्ड गाइड

कसे जाल? मध्य रेल्वेने कसारा, तिथून जीप किंवा एसटीने खोडाळा-मोखाडा-जव्हार. स्वतःची गाडी असेल तर मुंबई-अहमदाबाद हायवेवरून मनोर, विक्रमगड, जव्हार. नाशिककरांना त्र्यंबकेश्वर-मोखाडामार्गे जव्हार साधारण ८० किलोमीटर. एसटी सगळीकडून आहे, पण शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारून ठेवा.

काय बघाल? जव्हारमध्ये जय विलास राजवाडा, शिरपामाळ, हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट. ट्रेकर्सना भूपतगड. मोखाड्याकडे सूर्यमाळ आणि खोडाळ्याजवळचं देवबांधचं गणपती मंदिर.

धबधबे. दाभोसा आणि काळमांडवी. दोन्हीकडे डोहात उतरू नका. काळमांडवीला जुलै २०२० मध्ये पाच तरुण बुडाले, ते जव्हारचेच होते, परके नव्हते. पावसाळ्यात प्रशासनाची बंदी असेल तर ती पाळा. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात हा सगळ्यात चांगला काळ.

काय खाल? उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, मोहाचे लाडू. पावसाळ्यात रानभाज्या. सप्टेंबरपासून सावेल्या. नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी कधीही. जिथे खाल तिथे पैसे द्या, ‘राहू दे’ म्हणाले तरी.

काय न्याल? टॉर्च, रेनकोट, घट्ट पकडीचे बूट. आणि पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून न्या. मे महिन्यात गेलात तर दोन जास्त.